लाल आलं का?

मी एक जुना खटका आहे, मित्रांनो. दाराचा नव्हे, बंदुकीचा तर मुळीच नव्हे. मोटारीच्या ब्रेकवर पाय पडला की मागचा लाल दिवा लावणारा खटका. हातात घ्याल तर काडेपेटीएवढा भरेन. इंजिनाची लोक तारीफ करतात, चाकांना हार घालतात, भोंगा तर पोरासोरांचाही लाडका. माझं नावसुद्धा कुणी घेत नाही. असो, त्याचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. माझ्या निमित्तानं एका भल्या माणसावर बालंट आलं. ते कसं आलं हे अगदी जवळून पाहिलेला आता मीच उरलो आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म विलायतेतला. पोटात पितळेच्या दोन पट्ट्या, मधून सरकणारा एक दांडा आणि त्या दांड्याला मागे ओढणारी एक स्प्रिंग, एवढाच माझा देह. ब्रेक दाबला की दांडा ओढला जातो, पितळेला पितळ भेटतं आणि मागे दिवा लागतो. पाय काढला की स्प्रिंग दांड्याला परत घरी आणते आणि दिवा विझतो. कारखान्यात एक बाई आम्हाला एकेकाला ओढून बघायची. लागला? बरं. विझला? बरं. मग पेटीत. म्हणजे बघा, मला कामं दोन. लावायचं आणि विझवायचं. हे दुसरं काम लोकांच्या ध्यानात राहत नाही. तुम्ही मात्र ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मला एका मोटारीत बसवलं आणि बोटीनं, रेल्वेनं आम्ही हैदराबादला आलो. आधी मोटार एका जहागीरदाराकडे होती. त्याचा जीव तिच्यावरून उडाला, तेव्हा काचीगुड्याच्या केशवराव वकिलांनी ती घेतली. स्टेशनच्या अलीकडे एका गल्लीत त्यांचं घर. घराला लागून मोटारीसाठी पत्र्याची शेड होती. तिला गल्लीच्या बाजूनं फळ्यांचं मोठं दार, आणि घराकडे जाणारं एक लहान दार, त्याला खादीचा पडदा. मोटार तोंड आत करून उभी राहायची, म्हणून तिची पाठ आणि लाल दिवा गल्लीकडे. समोर प्रतापरावांच्या घराची पांढरी भिंत. ही मांडणी नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मी मोटारीच्या पोटाखाली, फळीच्या खाली बसवलेला. तिथून मला माणसांची तोंडं दिसत नाहीत, पाय तेवढे दिसतात. पण पायांवरूनही माणूस बराच कळतो हो. केशवरावांचे चकचकीत पंपशू. कोर्टात ते उर्दूतून बोलायचे आणि घरी मराठीतून रागवायचे. पुराव्यावाचून काही मानायचं नाही, हा त्यांचा बाणा. नजर लागणं, उतारा टाकणं असलं काही निघालं की ते इतकं हसायचे की समोरच्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांच्या पत्नी चतुराबाईंच्या पायांत जोडवी. मन मोठं, पण जीव भित्रा. आणि तिसरे पाय दस्तगीरचे. तो मोटार अनवाणी चालवायचा. टाचांना भेगा, पण ब्रेकवर पाय असा ठेवायचा की झोपलेल्या मुलाला थोपटतोय. त्याच्या त्या एका पायासाठी मी कितीही वर्षं राबलो असतो.

दस्तगीर बिदरकडच्या एका खेड्यातला. वकिलांकडे तो इतकी वर्षं होता की त्यांची मुलगी लीला त्याच्या खांद्यावर बसूनच मोठी झाली. रोज सकाळी तो फळ्यांचं दार उघडायचा, गादीवर बसायचा आणि ब्रेक दाबायचा. आता मजा अशी की जो ब्रेक दाबतो त्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही. मागे कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. त्याच वेळी चतुराबाई दारात सडा घालत असायच्या. मग दस्तगीर ओरडायचा,

"लाल आया क्या, माँ?"

आणि चतुराबाई कंबरेवर हात ठेवून गल्लीतून म्हणायच्या, "आलं रे, आलं!"

की झालं. दिवस सुरू. तो मराठी बोलायचा नाही, त्या दखनी बोलायच्या नाहीत, पण दोघांचं कधी अडलं नाही. एखाद्या दिवशी त्या माजघरात अडकल्या तर दस्तगीर गाडी बाहेर काढायचाच नाही. वकीलसाहेब घड्याळ बघत तणतणायचे आणि हा आपला ब्रेकवर पाय ठेवून बसलेला. "माँ बोली नै अभी," एवढंच म्हणायचा.

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला, असं मोटारीत बसणारे म्हणायचे, पण आवाज खाली करून. कारण हैदराबादेत निजामाचंच राज्य होतं आणि पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीतले पाय बदलले. पूर्वी रमतगमत जाणारे पाय आता भिंतीच्या कडेकडेनं जायला लागले. रझाकारांच्या लॉऱ्या घोषणा देत हमरस्त्यानं गेल्या की माझ्या पितळेच्या पट्ट्यासुद्धा थरथरायच्या. हिमायतनगरचे केशवरावांचे एक स्नेही घराला कुलूप लावून सोलापूरला निघून गेले. दिवेलागणीलाच खिडक्या बंद व्हायच्या. पेट्रोल मिळेना. केशवरावांनी कुठून तरी एक डबा मिळवला आणि शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवला.

तो डबा कुणासाठी, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मूल आडवं आहे, घरी सुईणीच्या भरवशावर राहू नका, कळा सुरू झाल्या की तडक दवाखान्यात आणा. टांगेवाले आता बोलावून येत नव्हते. तेव्हा आमची मोटार वेळेवर सुरू होणं, यावरच लीलाचा जीव टांगलेला होता. चतुराबाई येता-जाता मोटारीवर हात फिरवायच्या आणि काहीतरी पुटपुटायच्या.

पुढल्या आषाढातली दिव्याची आवस आली. त्या दिवशी घरातले सगळे दिवे, समया, कंदील घासूनपुसून मांडतात आणि त्यांची पूजा करतात. चतुराबाईंनी पूजा केली, केशवराव पायीच कोर्टात गेल्यावर हळदकुंकू घेऊन शेडमध्ये आल्या आणि मोटारीच्या दिव्यांनाही बोटं लावली. मला काही मिळालं नाही, मी दिसतच नाही ना! मग त्यांनी पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि दस्तगीरला हाक मारली.

"दस्तगीर, माझं एवढं काम कर बाबा. पण साहेबांना कळता कामा नये."

"बोलो माँ."

"हा बिब्बा मोटारीला बांध. आत कुठंतरी, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा. लीलाला हिच्यातूनच न्यायचंय. दिवस कसे आलेत बघतोस ना."

बिब्बा तुम्हाला माहीत असेल. काळं, चपटं फळ, आत जहाल चीक. धोबी कपड्यांवर खुणा करतात ना, तो हाच चीक. अंगाला लागला तर फोड उठतात. नजर लागू नये म्हणून दाभणानं भोक पाडून, काळ्या दोऱ्यात ओवून बिब्बा बांधायची आपल्याकडे रीतच आहे.

दस्तगीर हसला. "नजर का है? हमारी अम्माँ भी बैलबंडी को बांधती थी. लाव इधर."

"शपथ घे, साहेबांना सांगणार नाहीस. मला हसून हसून जीव नकोसा करतील."

"कसम, माँ. मेरे मूं से नै निकलता."

आणि तो पाठीवर पडून मोटारीखाली सरकला. मी पहिल्यांदाच त्याचं तोंड पाहिलं. दाढी पिकलेली, डोळ्याच्या कडेला हसऱ्या सुरकुत्या. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि त्याला माझा दांडा दिसला. कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी जागा मोटारीत माझ्यासारखी दुसरी नव्हती. त्यानं बिब्बा माझ्या दांड्याच्या वर घट्ट बांधून टाकला. त्याच वेळी गल्लीतून एक चपला घातलेली जोडी जात होती. ती थबकली, उघड्या दारातून आत वाकली आणि झपझप निघून गेली. ते प्रतापराव होते.

प्रतापराव म्हणजे समोरच्या घरात राहणारे, सरकारी दफ्तरातले कारकून. माणूस वाईट नव्हता. पण भीतीनं पार पोखरला होता. गल्लीत मांजर आडवं गेलं तरी त्यांना त्यात कुणाचातरी कट दिसायचा. "मी आपलं सांगतो," अशी सुरुवात करून ते काय सांगतील याचा नेम नसायचा.

इकडे माझं काय झालं ते ऐका. माझ्या शेजारूनच इंजिनाची धुराची नळी जाते. दस्तगीर अधूनमधून इंजिन थोडं चालवून बघायचा, तेव्हा ती नळी तापायची आणि दाभणाच्या भोकातून बिब्ब्याचा चीक माझ्या दांड्यावर ओघळायचा. आधी मला नुसतं जड जड वाटलं. मग पाय काढल्यावरही दांडा घरी यायला उशीर व्हायला लागला. स्प्रिंग बिचारी ओढून ओढून थकली. मी ओरडून सांगू तरी कुणाला? रोज सकाळी दस्तगीर विचारायचा, लाल आया क्या, आणि चतुराबाई म्हणायच्या, आलं. खरंच ते आलेलं असायचं. गेलं का, हे कधीच कुणी विचारलं नाही. त्याची रीतच नव्हती.

भाद्रपदात एका सकाळी दस्तगीरनं ब्रेक दाबला, चतुराबाईंनी "आलं" म्हटलं, आणि त्यानं पाय काढला. माझा दांडा जागचा हलला नाही. चीक राळेसारखा धरला होता. फळ्यांचं दार बंद झालं आणि आत दिवा जळत राहिला. दिवसाउजेडी कुणाला दिसणार? माझी तार बॅटरीला थेट जोडलेली, चावीशी तिचा संबंध नाही. संध्याकाळ झाली. घरातल्या खिडक्या गल्लीकडून घट्ट लावलेल्या. पण दाराच्या फळ्यांमध्ये फटी होत्या. त्या फटींतून लाल रेघा बाहेर पडल्या आणि समोर प्रतापरावांच्या पांढऱ्या भिंतीवर उमटल्या.

प्रतापरावांनी माडीच्या झरोक्यातून त्या पाहिल्या मात्र, त्यांची बोबडीच वळली. हमरस्त्यावर लॉरीची घरघर ऐकू येत होती. सरहद्दीवर हिंदुस्थानच्या फौजा गोळा झाल्याची कुजबुज सगळ्या शहरात होती. अशा वेळी ऐन गल्लीत, हिंदू वकिलाच्या शेडमधून लाल रेघा! ही खूण कुणासाठी? कोण कुणाला बोलावतंय? रात्रभर घामानं डबडबून बसलेला माणूस उजाडल्यावर केशवरावांकडे आला, तो थेट शेडमध्येच.

"मी आपलं सांगतो, वकीलसाहेब. रागावू नका. तुमचा ड्रायव्हर रझाकारांना इशारे करतोय."

"काहीतरीच काय, प्रतापराव! दस्तगीर?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं. लाल दिवा. आणि आवसेच्या दिवशी तो मोटारीखाली पडून काहीतरी बांधत होता, तेही मी बघितलंय. विश्वास नसेल तर मोटार सुरू करून बघा."

केशवरावांनी दार उघडलं. दिवा तर विझलेला होता. विझणारच, जळून जळून बॅटरी ठार झाली होती. त्यांनी चावी फिरवली. मोटार गप्प. हँडल मारलं, हात दुखेपर्यंत मारलं. मोटार गप्पच. आतून लीलाच्या कण्हण्याचा आवाज आला, आणि पंपशू जागच्या जागी थिजले. त्यांनी वाकून मोटारीखालीही बघितलं. मी समोर होतो, बिब्बा समोर होता, पण वंगणात काळा बिब्बा तो कसा दिसणार?

"काही नाही इथं," ते म्हणाले.

"मग काढून टाकलं असेल!" प्रतापराव म्हणाले. भ्यालेल्या माणसाला काही न सापडणं हाही पुरावाच वाटतो.

तेवढ्यात दस्तगीर आला. नेहमीसारखा, भेगाळलेल्या टाचांनी. चपला दाराशी काढल्या आणि थांबला. समोर चार पाय कसे उभे आहेत हे बघून त्याला काय ते कळलं असावं.

"दस्तगीर," केशवरावांचा आवाज कोर्टातला होता. "आवसेच्या दिवशी मोटारीखाली काय बांधलंस?"

 दस्तगीरचे पाय वळले. लहान दाराकडे. तिथं खादीचा पडदा होता आणि पडद्याखाली मला जोडवी दिसत होती. चतुराबाई तिथंच उभ्या होत्या.

"तुला विचारतोय मी. बांधलंस की नाही?"

"बांध्या, साब. बुरा कुछ नै बांध्या."

"मग काय ते सांग की!"

"वो मैं नै बोल सकता, साब."

अरे, बोल ना बाबा! मी माझ्या पट्ट्या आपटल्या असत्या तर किती बरं झालं असतं. पण चिकात रुतलेला मी. दस्तगीर पडद्याकडे बघत उभा राहिला, तसाच, रोज सकाळी ब्रेकवर पाय ठेवून उत्तराची वाट बघायचा तसा. एक शब्द पुरला असता. पडद्याखालची जोडवी एकदा पुढं सरकली. मग मागं गेली.

चतुराबाई का बोलल्या नाहीत, हे त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. नवरा हसेल ही लाज तर होतीच. पण त्याहून भयंकर एक विचार त्यांच्या मनात त्या क्षणी शिरला होता. मी बिब्बा दिला खरा, पण ह्यानं त्याच्या जोडीनं दुसरंच काही बांधलं असेल तर? दिवस वाईट आहेत. कुणाचं काय सांगावं? इतक्या वर्षांचं नातं, लीलाला खांद्यावर मिरवलेला माणूस, आणि एका सकाळीत त्यांना तो परका वाटला.

"जा तू," केशवराव म्हणाले. "पोलिसात देत नाही, एवढंच. पुन्हा ह्या गल्लीत दिसू नकोस."

दस्तगीरनं कोटाच्या खिशातून शेडची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. "बॅटरी कोठी बजार में देव साब, भरके देतैं," तो म्हणाला. "लीलाबेटी का टैम नजीक है." मग पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "माँ, जातौं."

पडद्याआडून काही उत्तर आलं नाही. टाचा चपलांत शिरल्या आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

मग ती चार-पाच दिवसांची लढाई झाली. तुम्ही इतिहासात वाचलीच असेल. विमानांचे आवाज, बंद दुकानं, रेडिओला चिकटलेली माणसं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लीला दर थोड्या वेळानं विचारायची, "दस्तगीरचाचा कुठं गेला?" आणि तिला कुणी सांगत नव्हतं. शेवटी निजामाची फौज शरण आली. काचीगुड्यात माणसं रस्त्यावर येऊन गळ्यात पडायला लागली, पेढे वाटायला लागली. केशवरावांनी बॅटरी टांग्यात घालून कोठीला नेली, भरून आणली आणि स्वतःच्या हातानं जोडली. इंजिन पहिल्या हाकेला सुरू झालं.  मी मात्र तसाच अडकलेला होतो, बॅटरी जोडताच मागे दिवा लागला होता आणि दिवसाउजेडी तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

दिवे लागायच्या सुमाराला समोरच्या माडीवरून किंकाळी आली.

"वकीलसाहेब! लाल! पुन्हा लाल!"

केशवराव, चतुराबाई, जड पोटानं भिंत धरून आलेली लीला, सगळे गल्लीत धावले. पांढऱ्या भिंतीवर लाल रेघा उमटल्या होत्या. शेडला बाहेरून कुलूप होतं. किल्ली केशवरावांच्या खिशात. आत कुणी नव्हतं. आणि ज्याच्यावर आळ घातला, तो तर केव्हाच निघून गेला होता.  प्रतापराव माडीवरून खाली गल्लीत आले. "म्हणजे मग..." एवढंच म्हणाले.

चतुराबाईंनी नवऱ्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली. कुलूप काढलं, लुगड्याचा काचा आवळला आणि त्या घरंदाज बाई सगळ्यांदेखत पालथ्या पडून मोटारीखाली सरपटत शिरल्या. कंदील पुढं धरलेला. त्यांचं तोंड माझ्या अगदी समोर आलं. डोळे विस्फारलेले, कपाळाचं कुंकू घामानं पसरलेलं. त्यांना काळा दोरा दिसला. दोऱ्याला बिब्बा दिसला. तोच, त्यांनी दिलेला, आणि दुसरं काही म्हणजे काही नाही. बिब्ब्यापासून माझ्या दांड्यापर्यंत आलेला काळा ओघळ दिसला. त्यांनी उघड्या अंगठ्यानं माझा दांडा जोरानं आत ढकलला. चीक कडकन सुटला.

"गेलं!" गल्लीतून प्रतापराव ओरडले.

चतुराबाईंनी दांडा पुन्हा ओढला.

"आलं!"

ढकलला.

"गेलं!"

किती वेळ त्या तसंच करत राहिल्या. बाहेर भिंतीवर लाल उमटत होतं, विझत होतं. मग कंदील आडवा झाला आणि त्या मोटारीखालीच ओक्साबोक्शी रडायला लागल्या. त्यांना बाहेर काढलं तेव्हा अंगठ्यावर बिब्बा उतायला लागला होता.

"मी बांधायला सांगितला," त्या म्हणाल्या. "मी शपथ घातली त्याला. मी पडद्याआड होते, मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

केशवराव हसले नाहीत. पुन्हा कधी ते कुणाच्या उताऱ्याला हसले नाहीत. ते खाली शेडच्या जमिनीवर बसले, पंपशूंसकट, आणि बराच वेळ उठले नाहीत. आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या माणसानं त्या दिवशी पुरावा मागितला नव्हता.

लीलाच्या कळा दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाल्या. केशवरावांनी धडपडत, आचके देत मोटार चालवली, पण वेळेवर पोचवली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. लीलानं शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारलं असेल? "दस्तगीरचाचाला कळवलं का?"

मला रॉकेलनं पुसून पुन्हा जागेवर बसवलं. रस्ते खुले झाल्यावर केशवराव आणि चतुराबाई दस्तगीरला आणायला निघाले. चतुराबाईंनी त्याच्यासाठी लांब सदऱ्याचं नवं पांढरं कापड घेतलं होतं, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पण त्या महिन्यांत बिदरकडच्या खेड्यांतून काय काय झालं होतं, ते शहरात पेढे वाटणाऱ्यांना कुठं माहीत होतं? आधी रझाकारांनी छळलं. मग त्याचा सूड उगवायला निघालेल्यांनी, ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं त्यांचीही घरं सोडली नाहीत. रस्त्यात जळकी छपरं दिसत होती, असं केशवराव पुटपुटत होते. मला तर फक्त राख दिसत होती. चाकांना लागून उडणारी.

गावात मोटार थांबली. दस्तगीरच्या घराचं दार नव्हतं, नुसती चौकट होती. अंगणात एक कोंबडी फिरत होती. चावडीवरचे पाय आम्हाला बघून हळूहळू पांगले. एक म्हातारा तेवढा राहिला. केशवरावांनी नाव सांगून विचारलं.

"आला होता," म्हातारा म्हणाला. "हैदराबादेतनं काम सोडून आला म्हणाला."

"मग कुठं गेला?"

"साहेब, तुम्ही मोठी माणसं. परत जावा. इथं कुणाला काही विचारू नका."

"जिवंत आहे का, एवढं तरी सांगा हो!" चतुराबाई म्हणाल्या.

 म्हाताऱ्याचेही पाय निघून गेले. काचीगुड्याला दस्तगीरला कुणी हात लावला नसता. त्या गल्लीत तो सुखरूप राहिला असता. हे केशवराव परतीच्या वाटेवर एकदाच म्हणाले, आणि चतुराबाईंनी ते कापड तोंडाशी धरलं. पुढं त्यांनी पुष्कळ शोध केला. दर्ग्यांत विचारलं, मोटार चालवणाऱ्यांच्या अड्ड्यांवर विचारलं. दस्तगीर मेला की कुठं दूर निघून गेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर घरात एक रीत पडली. केशवराव सकाळी ब्रेक दाबून विचारायचे, "लाल आलं का?" मागून चतुराबाई, "आलं." मग पाय काढून, "गेलं का?" "गेलं." दोन्ही उत्तरं मिळाल्यावाचून मोटार कधी बाहेर पडली नाही. वर्षांमागून वर्षं गेली. केशवराव गेले. मोटार भंगारात निघाली तेव्हा चतुराबाईंनी मला उतरवून घेतलं आणि एका पितळी डबीत ठेवलं. तशी उपेक्षा माझ्या वाट्याला आली नाही, आणि तरी मला सुख लागलं नाही.

दिव्याच्या आवसेला त्या मला डबीतून काढायच्या आणि समयांच्या ओळीत मांडायच्या. लीलाची मुलगी विचारायची, आजी, हा कसला दिवा? मग त्या तिला सगळं सांगायच्या, काही न लपवता, मी पडद्याआड होते हेसुद्धा. अंगठ्यावरचा काळा डाग दाखवायच्या. आणि शेवटी त्याच अंगठ्यानं माझा दांडा ओढायच्या. दिवा नाही, बॅटरी नाही, लागणार काय? पण त्या दाराकडे बघून हळूच म्हणायच्या, "आलं रे दस्तगीर. आलं."

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचा लाल दिवा अडकला, तर आधी माझ्या भावंडांकडे वाकून बघा. दांडा ओढून बघा, ढकलून बघा, पुसून घ्या. माणसावर बोट दाखवायची घाई करू नका. आणि आणखी एक मागतो. ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्याला आपला मागचा दिवा कधीच दिसत नाही. तो विचारतो आणि तुमच्या उत्तराची वाट बघत थांबतो. तुम्ही मागे उभे असाल आणि तुम्हाला दिसत असेल, तर बोला. तो तिथं बसलेला आहे तोवरच बोला.